अण्णा, ती सुरमई नव्हती

अण्णा,

दहाव्याला रामकुंडावर तू जरा थांबायला हवं होतंस. मी शब्द जुळवत होतो. तुला ठाऊकच आहे, मला एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो. दुकानात गिऱ्हाईक "येतो" म्हणून पायरी उतरून चपला घालायचं, तेव्हा कुठे माझं "या" तयार होत असे. गुरुजींनी पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. आत्या कानाशी लागली, "काय सांगायचं ते मनात सांगून टाक रे, त्याचा जीव अडकायला नको." मी हात जोडले, डोळे मिटले, "अण्णा, ती सुरमई" एवढं मनात म्हणालो आणि पंखांची फडफड ऐकू आली. डोळे उघडले तर कावळा घास घेऊन उडालासुद्धा.

शेजारच्या पिंडापाशी माणसं केव्हाची ताटकळली होती. कोणी म्हणत होतं म्हातारीला नीट सांभाळू, कोणी म्हणत होतं नातीचं लग्न थाटात लावू, आणि कावळे कठड्यावर बसून शांतपणे ऐकून घेत होते. आपल्याकडे मात्र सगळे खूश. "समाधानाने गेले हो अण्णा, कसली म्हणून इच्छा राहिली नाही," असं म्हणत मंडळी चहाला गेली. तुझी नसेल राहिली. माझं वाक्य राहिलं. ते आता लिहून पुरं करतो. यात तू मध्ये बोलू शकणार नाहीस, हा फायदा उभ्या जन्मात मला पहिल्यांदाच मिळतोय.

आपल्या सराफीच्या दुकानातली वाटणीच तशी होती. तू बोलायचं, मी तोलायचं. गिऱ्हाइकाच्या मुलीचं स्थळ, निफाडची द्राक्षं, मुंबईचा भाव हे सगळं तुझ्याकडे. माझ्याकडे तराजू आणि मान हलवणं. रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा तू बोलण्याच्या नादात विसरायचास. "आज बरं वाटतंय, गोळी कशाला?" हे तुझं एक कारण आणि "आज बरं वाटत नाही, त्यात गोळी कुठे घेऊ?" हे दुसरं. शेवटी पाय सुजले, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या आहेत. वहिनी रडायला लागल्या. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो. तू विचारलंस, "आणि मासे?"

डॉक्टरांना कळेना. "मासे म्हणजे?"

"म्हणजे पापलेट, सुरमई, रावस, हलवा..." तू सांगायला लागलास. तू मांदेलीपर्यंत पोचलास तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून आपल्याला खालच्या मजल्यावर आहाराच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने आपल्या मुलीएवढ्या. "मासे बंद नाहीत, काका," त्या म्हणाल्या आणि तू आमच्याकडे असं पाहिलंस की जणू कोर्टात सुटलास. "पण नीट ऐका. ताजेच खायचे. सुके बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा बंद, त्यात मीठ फार. काट्यासकट चावून खायचे बारके मासे नकोत, त्यात फॉस्फरस. चिंच, खोबरं, टोमॅटो घातलेलं दाट कालवण नको, त्यात पोटॅशियम. आणि पातळ जे काही घ्याल ते दिवसभराच्या पाण्याच्या मापात धरायचं."

"कालवण पाण्यात धरायचं?" तू खरोखर दुखावला गेलास. "मॅडम, पाण्याला कोणी लसणाची फोडणी देतं का?"

"आणि तुकडी एकच. तळहाताएवढी. बोटं सोडून."

तू ताबडतोब आपला पंजा त्यांच्या टेबलावर ठेवलास. त्याखाली त्यांचे कागद, पेन आणि निम्मा टेलिफोन झाकला गेला. वहिनींनी त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "माप हे धरा, मॅडम." मॅडमनी दोन्ही हातांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आपण पन्नास ग्रॅम धरू या."

पन्नास ग्रॅम म्हणजे आपल्या हिशेबाने पाच तोळे. तोळ्याच्या पोटातलं 'मासा' म्हणून जे जुनं वजन आहे त्याच्या नावावर तू तिथल्या तिथे एक कोटी केलीस आणि पुढे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ऐकवलीस. ती मी इथे लिहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं म्हणतात.

आजोबा अलिबागेहून नाशकात आले तेव्हा बरोबर आणलेला पितळी तराजू माळ्यावर पडला होता. तो खाली आला. बुधवार, शुक्रवार, रविवार असे तीन वार मी वरच्या मजल्यावरून तुझ्याकडे तोलायला यायचो, कारण वहिनींचा तुझ्या हातावर विश्वास नव्हता आणि तुझा त्यांच्या डोळ्यांवर. एका पारड्यात केळीच्या पानाच्या तुकड्यावर सुरमई, दुसऱ्यात वजनं. पहिल्याच बुधवारी तू आक्षेप घेतलास.

"मध्या, हे ग्रॉस झालं. नेट कुठंय?"

"म्हणजे?"

"दागिना तोलताना खडे वजा करतोस ना? मग मधलं हाड वजा कर. हाड मी खातो काय?"

खरं सांगू, मला ते पटलं. धंद्याच्या दृष्टीने तुझं म्हणणं चोख होतं. पण हाड काढल्याशिवाय त्याचं वजन कसं कळणार? त्यावर तू तोडगा काढलास. जेवण झाल्यावर काटे चोखून, धुऊन, पंच्याने पुसून तू पारड्यात ठेवायचास. "बघ, अर्धा तोळा. माझा अर्धा तोळा तुझ्याकडे जमा. शुक्रवारी त्यात घालून दे."

"अहो, किडनी आहे ती, भिशी नाही," वहिनी म्हणायच्या.

पुढच्या खेपेला तू हा खटला मॅडमपुढे नेलास. हसू दाबत त्यांनी काट्याशिवाय पन्नास ग्रॅम मान्य केले, मागची थकबाकी मात्र मिळणार नाही म्हणाल्या. तू सराफ बाजारात सगळ्यांना सांगत सुटलास की मेडिकल सायन्सला चूक कबूल करायला लावली.

वहिनींचं मला नेहमी नवल वाटायचं. निफाडकडच्या शाकाहारी घरातून आलेली बाई, आईच्या हाताखाली मासे करायला शिकली. स्वतः कधी तोंडात घातला नाही. तुझा मासा त्या खाली करायच्या, मिठाशिवाय, नुसतं लिंबू, लसूण आणि हळद लावून. माझा मिठाचा मासा तुझी भावजय सुनंदा वर करायची आणि मी ताट घेऊन खाली यायचो. दोन्ही एका स्वयंपाकघरात नकोत, चुकून अदलाबदल व्हायची, असं मॅडमनीच बजावलं होतं. मध्ये कोणा गिऱ्हाइकाने तुला दुकानातून एक वेगळं मीठ आणून दिलं, पुड्यावर हृदयाचं चित्र होतं आणि सोडियम कमी असं लिहिलेलं. तू पुडा नाचवत मॅडमकडे गेलास. त्यांनी तो हातातून काढूनच घेतला. "काका, यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलंय. तुमच्यासाठी हे साध्या मिठाहून वाईट." त्या दिवसापासून नियम झाला की एकमेकांच्या ताटाला हात लावायचा नाही.

हा नियम लक्षात ठेव. पुढे माझी अब्रू त्याच्यावरच टिकली आणि त्याच्यामुळेच गेली.

अशी काही वर्षं बरी गेली. मग एका दिवाळीनंतर तुझ्या छातीत पाणी भरलं. तुला झोपता येईना, बोलता येईना. तू बोलत नाहीस हे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिस, दुसरा रस्ता नाही. तू हातानेच 'नाही' केलंस. वहिनींनी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी स्कूटर काढली आणि सरळ वणीच्या गडावर गेलो.

अण्णा, मी कधी नवस बोललो नव्हतो. देवीपुढे उभा राहिलो तर मागे ही रांग, पुजारी म्हणतायत, "चला, चला, पुढे व्हा." ऐकून होतो की अशा वेळी सगळ्यात आवडती गोष्ट सोडायची असते. घाबरलेल्या डोक्यात 'सगळ्यात आवडती' म्हटल्यावर एकच चित्र आलं, तुझं ताट. आणि माझ्या तोंडून स्पष्ट, मोठ्याने, एका दमात वाक्य बाहेर पडलं, "आई, अण्णाला यातून उठव, तो मासे सोडेल."

जन्मभर शब्द गिळणारा मी, आणि देवीसमोर उभं राहून दुसऱ्याचा दागिना गहाण टाकून आलो.

परत आलो तोवर तू मशीनला तयार झाला होतास. दोन-तीन डायलिसिस झाल्यावर सूज उतरली, श्वास मोकळा झाला, आणि तुझ्या तोंडचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "मध्या, तुझे केस किती पांढरे झालेत रे." देवीने तिचं काम केलं होतं. मला वाटलं, आता तब्येतीचं निमित्त आहेच, मासे आपोआप सुटतील, सांगायचीही गरज पडणार नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. खाटेशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "काका, आता हिशेब उलटा. मशीनमध्ये रक्ताबरोबर प्रोटीनही निघून जातं. मीठ, पाणी, पोटॅशियम यांची बंधनं तशीच, जेवणाबरोबर फॉस्फरससाठीची चघळायची गोळी चुकवायची नाही. पण मासे आता भरपूर खावे लागतील. एक तुकडी पुरणार नाही."

"काय खावे लागतील?" तू विचारलंस.

"मासे."

"मला जरा ऐकायला कमी येतं. परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. मग तू शेजारच्या खाटेवरच्या सातपूरच्या फिटरला ऐकवायला सांगितलंस, मग पलीकडच्या नाशिक रोडच्या गृहस्थांना. सगळा वॉर्ड हसत होता. "मध्या, आता तोल तू," तू गरजलास, "आणि कमी भरली तर याद राख!" माझा चेहरा बघून तुला वाटलं असेल आनंदाने भरून आलंय.

मी आपल्या गल्लीतल्या देवळाच्या गुरवांना गाठलं. म्हटलं, एक मित्र आहे, त्याने भावाच्या नावावर नवस बोललाय. गुरवांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्या मित्राला सांगा, दुसऱ्याच्या जिभेवर नवस बोलत नसतात. आता मित्राने स्वतः सोडावं, म्हणजे भागलं."

म्हणून मी मासे सोडले. तुला सांगितलं नाही, त्याचं कारण तुझ्या हसण्याची भीती हे नव्हतं. दर नवरात्रात गडावर जाणारा माणूस तू. आपल्या नावाने देवीपुढे शब्द गेलाय हे कळलं असतं, तर तू त्याच दिवशी ताट बाजूला सारलं असतंस, आणि मग मॅडम, डॉक्टर, ब्रह्मदेव आला तरी ऐकलं नसतंस. डाळी मोजून खायच्या, अंड्याचा तुला तिटकारा. मासाही गेला असता तर तुझ्या अंगावर काय राहिलं असतं?

पण एक गोष्ट मी धरली नव्हती. तू एकट्याने मासे खायचा नाहीस.

पहिल्या बुधवारी मी म्हटलं, पोट बरं नाही. तू दोन घास खाऊन ताट सारलंस. शुक्रवारी म्हटलं, उपास आहे. "शुक्रवारचा? तू कधीपासून?" पुन्हा ताट सारलंस. रविवारी मी आलोच नाही. मग तू ठरवलंस की मी माशांना घाबरलोय. "मासे खाऊन अण्णाच्या किडन्या गेल्या असं वाटतं ना तुला? माशांवर आळ घेऊ नकोस, मध्या. गोळ्या मी खाल्ल्या नाहीत. त्या बिचाऱ्यांनी काय केलंय?" तुझ्या तोंडून गोळ्यांची ती कबुली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, तीही माशांची बाजू घेताना.

महिन्याभराने रक्ताचा रिपोर्ट आला. प्रोटीन खाली, वजन खाली. मॅडम तुला रागावल्या, वहिनी जिन्यात मला. "भाऊजी, तुम्ही समोर बसत नाय म्हणून हे खात नायत. तुम्हाला काय जड जातंय बसायला?" वैतागल्या की वहिनींची निफाडची भाषा परत येते.

त्या दिवशी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती आधी इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली. मग भडकली. "बोलत नाही, बोलत नाही, आणि एकदा बोललात तर हे! तुमची स्वतःची जीभ नव्हती का गहाण टाकायला?"

"होती. सुचली नाही."

"आणि आता?"

"आता त्याच्यासमोर बसून खायला पाहिजे. आणि खाता येत नाही."

ती उठली. मग पिशवी घेऊन भाजीबाजारात गेली आणि सुरण घेऊन आली.

आपल्याकडे सोमवारी-गुरुवारी सुरणाचे काप होतातच. सुनंदाने फक्त आकार बदलला. सुरमईच्या तुकडीसारखी गोलसर चकती, एका बाजूला पोटाची खाच, मधोमध मणक्याचं भोक. वरून माशाचाच मसाला, रवा, तव्यावर खरपूस. पुढच्या बुधवारी मी ते ताट घेऊन तुझ्यासमोर बसलो. तू माझ्या ताटाकडे पाहिलंस, आपल्या दोन तुकड्यांकडे पाहिलंस, आणि जेवायला लागलास. सगळं संपवलंस. वहिनी माजघरात जाऊन डोळे पुसून आल्या. त्या सुरणाला मी मनातून नमस्कार केला.

हे इतकी वर्षं कसं चाललं याचं मलाच नवल वाटतं. "तुझ्या ताटात काटे कसे नाहीत?" तू एकदा विचारलंस. म्हटलं, सुनंदा आधीच काढून देते. त्यावर तू आठवडाभर मला जगू दिलं नाहीस. "बायकोने काटे काढून दिलेला मासा खातो हा. उद्या चावूनही देईल." मग एकदा सुरण खाजरं निघालं. घशात अशी खाज सुटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू ओरडलास, "काटा अडकला! तरी म्हटलं, ती नीट काढत नाही!" आणि कोरड्या भाताचे गोळे करून स्वतःच्या हाताने मला भरवलेस. मी गिळत होतो, तू पाठीवर थोपटत होतास, "गेला? गेला का?" मी मान हलवली. तो गेला नव्हता. अण्णा, तो अजून गेलेला नाही.

आणि तो आपला वाद! तू पापलेटवाला, मी सुरमईवाला. पापलेट म्हणजे लाडावलेला मासा, त्याला स्वतःचं काही म्हणणं नाही, असं मी म्हणायचो; सुरमई म्हणजे नुसता अंगठेबहाद्दर, असं तू. मी मुखदुर्बळ माणूस, पण या विषयावर माझी जीभ सुटायची. तोंडात सुरण घोळवत मी सुरमईची बाजू लढवायचो. चव आठवून आठवून बोलायला लागायचं, म्हणूनच बहुधा इतकं रंगवून बोललो. मासे खात होतो तेव्हा मी त्यांच्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

आता तो रविवार.

त्या दिवशी तुझा रिपोर्ट चांगला आला होता. तू खुशीत होतास. "एवढी वर्षं एका टेबलावर जेवतोय आणि एकमेकांच्या ताटातलं खात नाही, आपण काय शत्रू आहोत?" म्हणालास. मी काही बोलायच्या आत तू माझी चकती मोडलीस आणि अर्धी उचललीस. "एका घासाच्या मिठाने मरत नाही मी."

मीठ कुठे, अण्णा! सुरण! मॅडमच्या बंदीच्या कागदावर केळं, शहाळं यांच्या खालोखाल सुरण होतं, पोटॅशियमने भरलेलं. तुझ्या ताटातला खरा मासा तुला औषध होता आणि माझ्या ताटातला खोटा तुला विष. आणि एकदा का जिभेला लागला असता, तर नवसासकट सगळं उघडं पडलं असतं. विचार करायला वेळ नव्हता. मी तुझं मनगट धरलं, बोटांतून तो तुकडा ओढून काढला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला.

वहिनी हातात पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि मग असा हसलास की मला तुझ्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

ती गोष्ट तू कुठे कुठे सांगितलीस? सराफ बाजारात प्रत्येक पेढीवर. डायलिसिसच्या वॉर्डात प्रत्येक खाटेवर. भद्रकालीतल्या मासळीवाल्या बाईंना सांगितलीस, त्या मला बघितलं की म्हणायला लागल्या, "काय सेठ, भावाचं ताट सोडलंत का नाय?" माझ्या मुलीच्या सासरी सांगितलीस. "सख्ख्या भावाच्या, आजारी माणसाच्या, तोंडातला घास काढतो हा. सुरमईसाठी!" तोलताना रतीभर इकडचं तिकडे न करणारा मी, नाशकात हावरट म्हणून नाव कमावून बसलो. सुनंदाला फार लागायचं ते. "एकदा तरी सांगा खरं," ती म्हणायची. मी सांगणार कसं? त्या रविवारनंतर तू डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून जेवायला लागलास, माझ्यावर नजर ठेवून, भराभर, शेवटच्या कणापर्यंत. ताटात काही म्हणता काही उरेना. मॅडम म्हणाल्या, "काकांची भूक छान सुधारली हं." तुझं वजन टिकलं. माझ्या अब्रूचा असा चांगला भाव मला दुसरीकडे कुठे आला नसता.

तरी एक बोचत राहिलं. समोर बसून कोणीतरी तेच खातंय म्हणून तू जेवत होतास, आणि मी तेच खात नव्हतो. मासे खाणारा तू एकटाच होतास.

शेवटच्या आठवड्यात तू ती गोष्ट नव्या नर्सला सांगत होतास. दम लागत होता, तरी हातवारे करून. मी उशाशी उभा. ती हसून निघून गेली. तू माझ्याकडे पाहिलंस. माझं तोंड उघडलेलं असणार, कारण तू म्हणालास, "बोल की."

मी म्हटलं, "उशी जरा वर घेऊ का?"

"घे," म्हणालास.

एवढंच बोलणं झालं. मी उशी वर घेतली.

तेराव्यानंतर आलेल्या पहिल्या बुधवारी वहिनींनी निरोप पाठवला, जेवायला खाली या. त्या स्वतः भद्रकालीत जाऊन सुरमई घेऊन आल्या होत्या. "घरात मासा शिजला पाहिजे, भाऊजी. ह्यांना हे सुतकी घर आवडलं नसतं." दोन ताटं मांडली होती, माझं आणि सुनंदाचं. दोन्ही वहिनींच्याच स्वयंपाकघरातली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. ताट बदलायला तिच्याकडे काही नव्हतं. नवस तुझ्या उठण्यासाठी होता. देवीने तुला उठवलं, वर इतकी वर्षं बोनस दिली. तू गेल्यावर तो सुटतो का, हे मी गुरवांना विचारलेलं नाही. मी तुकडी मोडली आणि तोंडात घातली.

मीठ नव्हतं. वहिनी चव घेऊन कधी करतच नाहीत, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात मिठाकडे गेलाच नव्हता. लिंबू, लसूण, हळद, आणि खाली नुसतं पांढरं, ओलं, बेचव काहीतरी, कागद भिजवून खावा तसं. सुनंदाने पहिला घास घेतला, थांबली, आणि समोरची मिठाची वाटी हळूच पाण्याच्या तांब्यामागे सरकवली.

अण्णा, हे खात होतास तू? दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी? आणि पहिल्या घासाला डोळे मिटून "वा!" म्हणायचास. मला वाटायचं त्या टेबलावर नाटक करणारा मी एकटाच आहे. माझ्या सुरणाला निदान मीठ तरी होतं. मी तुझ्यासाठी चव आल्याचं सोंग करत होतो आणि तू वहिनींसाठी, आणि दोघंही इतके चोख की कोणाला पत्ता लागला नाही. माझ्या ताटातल्या त्या तुकड्यावर तुझा हात का गेला, हे मला त्या बुधवारी कळलं. तुला अदलाबदल नको होती रे. तुला एक घास मिठाचा हवा होता. आणि तो मी तुझ्या हातातून ओढून घेतला.

योग्यच केलं, असं मॅडम म्हणतील. मीही तसंच म्हणतो. पण घास गिळायला वेळ लागला.

वहिनी दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "कसं झालंय, भाऊजी? मला मेलीला काही कळत नाय. रोज ह्यांनाच विचारायची."

या वेळी मला शब्द जुळवावे लागले नाहीत. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "वा!"

मग त्यांनी दुसरी तुकडी वाढली, आणि मी तीही काट्यापर्यंत संपवली.